बत्ती चालू, आवाज बंद

"यह आदमी मेरे ऊपर बोल रहा है," त्रिवेदीसाहेब ओरडत होते. "मैं बोल रहा हूँ, यह भी बोल रहा है, और दोनों की आवाज बराबर आ रही है. यह कैसी मशीन लगाई है पांडेजी आपने?"

छताला मी स्वतः लावलेले आठ स्पीकर होते, त्यामुळे एका त्रिवेदीसाहेबांचे आठ झाले होते आणि आठही जण माझ्यावर ओरडत होते. पण आवाज काय स्वच्छ येत होता म्हणून सांगू. शिव्या खाताना कुणा कारागिराची छाती फुगली असेल तर त्या दिवशी माझी. 'बराबर'मधला शेवटचा 'र' पार मागच्या भिंतीपर्यंत न सांडता पोचत होता.

पांडेजी म्हणजे मी. खरं आडनाव देशपांडे. पण लखनऊला आल्यावर पहिल्या आठवड्यात लोकांनी त्यातला देश काढून घेतला आणि उरलेलं मला परत दिलं. वडील रेल्वेत होते, चारबाग स्टेशनला बदली झाली, ते निवृत्त होऊन सांगलीला परतले आणि मी लखनऊच्या लालबागेत ऑडिओ-व्हिडिओचं दुकान थाटून बसलो. घरोघरी टीव्ही, डिश, व्हीसीआर, स्टिरिओ. हॉटेलांत आणि कचेऱ्यांत माइक, स्पीकर, पडदे. नव्वदच्या दशकात या धंद्याला इतकी बरकत होती की मला रस्त्याने सरळ चालता येत नसे, लोक गच्चीवरून हाका मारून डिश फिरवायला वर बोलवत. एका उन्हाळ्यात मी इतक्या गच्च्या चढलो की माझ्या मते कुतुबमिनार पाचदा तरी झाला असेल.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हा वायरी जोडायचा धंदा. वायरी कुणीही जोडतो. खरा धंदा असा की कुणाचा आवाज मोठा करायचा आणि कुणाचा लहान, हे गिऱ्हाईक ठरवतं आणि आपण करून देतो. चौकजवळच्या एका कोठीत दोन भावांनी वाटणी केली तेव्हा मी दिलेल्या स्टिरिओचीही वाटणी झाली. डावा स्पीकर मोठ्याकडे, उजवा धाकट्याकडे, मशीन मधल्या भिंतीतल्या कोनाड्यात. काही महिन्यांनी मोठा भाऊ तक्रार घेऊन आला की त्याच्याकडे नुसता तबला वाजतो, गाणारी बाई धाकट्याकडे राहायला गेली आहे. मी म्हटलं, हुजूर, भिंत पाडा, दुसरा इलाज नाही. तो म्हणाला, तबल्याची आता सवय झाली आहे. छावणीतल्या एका कर्नलसाहेबांना असा स्पीकर हवा होता की तोफेचा आवाज तोफेसारखा यावा पण ग्लासातली व्हिस्की हलू नये. तो मी दिला. कसा, ते सांगत नाही, कारण ती व्हिस्की हलायची. फक्त कर्नलसाहेबांचा हातही हलत असल्यामुळे त्यांना ते कळलं नाही.

तर त्रिवेदीसाहेब. ते बटाटे थंड ठेवणाऱ्या एका सरकारी महामंडळाचे एमडी. महामंडळाचं नाव मी सांगणार नाही, आणि बटाटेही आता हयात नाहीत. चिनहटला महामंडळाचं मोठं कोल्ड स्टोरेज होतं, आणि शहरातल्या मुख्य कचेरीत मीटिंग हॉल. हॉल इतका लांब होता की पलीकडच्या टोकाचा माणूस 'नमस्ते' म्हणाला की अलीकडे यायला दुसरा अजेंडा सुरू होत असे. वर जुने एसी, त्यांचा घोंगाट असा की शेजाऱ्याचं बोलणं ऐकायला त्याच्या ओठांकडे बघावं लागे. म्हणून टेबलावर प्रत्येकासमोर एकेक माइक बसवायचं ठरलं. घोड्याच्या नालेसारखं टेबल, चोवीस माइक. आपलं बटण दाबलं की आपल्या माइकच्या गळ्यात लाल कडं पेटतं आणि आपला आवाज छतातून येतो. सगळ्यांचा आवाज एकत्र होऊन कोपऱ्यातल्या कपाटातल्या मशीनमध्ये जातो, तिथे कॅसेट फिरत असते, आणि श्रीवास्तवजी नावाचे स्टेनो दुसऱ्या दिवशी कानाला हेडफोन लावून त्या कॅसेटवरून मीटिंगचं इतिवृत्त टाइप करतात. कॅसेटवर असेल तेवढंच मीटिंगमध्ये झालं. बाकी काही झालंच नाही. रेकॉर्डिंगची ही आवड खुद्द साहेबांची. आपले विचार वाया जाऊ नयेत अशी त्यांना काळजी होती.

त्या पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांच्यावर बोलणारा 'यह आदमी' म्हणजे सबनीस. महामंडळात रेफ्रिजरेशनचे इंजिनिअर. मूळचे नाशिकचे, राहायला तेलीबागेत. लखनऊच्या आमच्या गणेशोत्सवात आरतीच्या वेळी झांज वाजवायचे, आणि झांजही अशी वाजवायचे की दुसऱ्या कुणाची झांज चुकली तर तिला दुरुस्त करावी. बोलणं तसंच. हळू, स्पष्ट आणि न थांबणारं. त्या दिवशी साहेब महामंडळाच्या उज्ज्वल भविष्यावर बोलत होते आणि सबनीस फाइलमधल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणत होते, "सर, चिनहट की अमोनिया लाइन."

हे जरा समजावतो. मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये थंडी आपल्या घरच्या फ्रिजसारखी येत नाही, पाइपांतून अमोनिया फिरवतात. पाइप शाबूत तोवर बटाटा खूश. पाइप गंजून फुटला तर तो वायू डोळ्यांत, नाकात, छातीत जातो. चिनहटच्या तीन नंबरच्या खोलीतले पाइप सबनीस जॉइन झाले तेव्हाच म्हातारे होते.

मीटिंग संपल्यावर साहेबांनी मला खोलीत बोलावलं. आता ते अगदी लखनवी झाले होते. चहा मागवला, पानाचा डबा पुढे केला.

"पांडेजी, आपकी मशीन बहुत उम्दा है. बस एक ऐब है. सबको बोलने देती है."

मी म्हटलं, साहेब, तुमच्या माइकवर अध्यक्षांचं खास बटण आहे. दाबलं की बाकी सगळे माइक गप्प होतात. ही सोय कंपनीनेच दिलेली असते, जगभर असते.

"देखा है. लेकिन उसमें हाथ उठाना पड़ता है. सबके सामने किसी की आवाज काटूँ, बदतमीजी लगती है. कुछ ऐसा कीजिए कि बात भी रुक जाए और किसी का दिल भी न दुखे."

अशा मागण्यांवर माझी कला फुलायची. आज लाज वाटते, तेव्हा फुलली. दोन दिवसांत मी अमीनाबादच्या बाजारातून शिलाई मशीनच्या मोटरचं पायडल आणलं, त्याच्या पोटातलं सगळं काढून साधा स्विच बसवला, आणि साहेबांच्या टेबलाखाली ठेवलं. पाय ठेवला की अध्यक्षांचं बटण दाबल्यासारखं. वायर गालिच्याखालून टेबलाच्या कडेकडेने कोपऱ्यातल्या कपाटापर्यंत नेली. भरदिवसा, हॉलमध्ये माणसांची ये-जा चालू असताना. विचारणाऱ्याला मी सांगत होतो, "अर्थिंग है." अर्थिंग म्हटलं की इंजिनिअरही पुढे विचारत नाहीत.

आणि मग साहेबांची खरी फर्माईश. बोलणाऱ्याचा आवाज कापला की त्याच्या माइकचं लाल कडं विझतं. साहेब म्हणाले, "बत्ती मत बुझाइए. बेचारे को बुरा लगेगा." मी बत्तीची वायर वेगळी केली. बत्ती चालू, आवाज बंद. उभ्या भारतात अशी व्यवस्था दुसरी नसेल, असं मी तेव्हा अभिमानाने घरी सांगितलं. बायको म्हणाली, "दुसरी नसेल कशी? आपल्याकडे निवडणुका होतात की." पण ते राहू दे.

साहेबांचा पाय पायडलवर गेला तो तिथेच राहिला. सुरुवातीला ते गरजेपुरता दाबत. मग जेवणानंतरच्या मीटिंगांत डुलकी लागे तेव्हा पाय आपोआप जड होई आणि सगळं महामंडळ मुकं होई. नंतर तर बूट काढून ते पाय तिथेच टेकवून बसत, पाटावर ठेवल्यासारखा. दर महिन्याच्या मीटिंगमध्ये तेवीस अधिकारी पेटलेल्या लाल बत्तीसमोर मनापासून बोलत होते आणि एकाचाही शब्द छतापर्यंत जात नव्हता. आपला माइक बिघडलाय असं प्रत्येकाला वाटे, पण एमडीसमोर मशीन खराब आहे म्हणणं म्हणजे खरेदी खराब आहे म्हणणं. त्यामुळे कुणी काही म्हणत नसे. इतिवृत्तं सुरेख निघू लागली. सगळ्या पानांवर एकटे त्रिवेदीसाहेब, आणि शेवटी 'सर्वसम्मति से पारित'.

म्हणणारा एकच निघाला. सबनीस दुकानात आले.

"देशपांडे, माझा माइक चालत नाही."

"असं कसं? बत्ती लागते ना?"

"बत्ती लागते. आवाज येत नाही."

"तपासतो की."

मी हॉलमध्ये गेलो, त्यांचा माइक उघडला, फुंकर मारली, नवा कोरा माइक आणून बसवला. तोही अर्थातच चालला नाही. पुढच्या महिन्यात सबनीस पुन्हा आले. मी पुन्हा माइक बदलला. तीन माइक मी त्या जागी बदलले, दरवेळी इतक्या गंभीर चेहऱ्याने की मला स्वतःलाच शंका यायला लागली की माइकमध्येच काहीतरी दोष असावा. "ओलसर हवा," मी सांगितलं. "गोमतीकडून येते." सबनीस माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं." हा माणूस बरं म्हणाला की सकाळी केलेली चूक दुपारी आठवायची.

तुम्ही म्हणाल, माइक नाही तर नाही, लिहून का नाही दिलं? दिलं होतं. तीनदा. आणि इथे सरकारी कचेरीचं जे कौशल्य आहे त्यापुढे माझं पायडल म्हणजे पोरखेळ. सबनीसांची टिपणी साहेबांकडे जायची आणि साहेब समासात हिरव्या शाईने लिहायचे, 'कृपया चर्चा करें.' म्हणजे फाइल नाकारली नाही, मंजूर केली नाही, चर्चेला पाठवली. चर्चा कुठे, तर मीटिंगमध्ये. मीटिंगमध्ये काय, तर पायडल. सबनीस दर महिन्याला उभं राहून अमोनियाची लाइन, वाल्व, गंज, सगळं सांगत, बत्ती त्यांच्याकडे बघून लाल होई, आणि कॅसेट पुढे फिरे.

उन्हाळ्याच्या एका सकाळी चिनहटला तीन नंबरमधला पाइप वाल्वपाशी फुटला.

ह्या भागात मला काही रंगवायचं नाही. तिघे दवाखान्यात गेले. दोघे बरे होऊन आले. तिसरा रामफेर, मशीनवरचा ऑपरेटर, वाल्व बंद करायला आत गेला होता. त्याचा एक डोळा गेला तो गेलाच. बटाटे किती गेले ते कचेरीने पोत्यांनिशी मोजून कळवलं.

चौकशी लागली. आठवड्यात सबनीस निलंबित. आरोप वाचाल तर टोपी काढाल. त्यांनी लेखी सूचना दिली हे मान्य; सक्षम अधिकाऱ्याने चर्चा करण्याचे आदेश दिले हेही मान्य; परंतु त्यानंतर संबंधित अभियंत्याने एकाही मीटिंगमध्ये विषय काढला नाही, इतिवृत्तं साक्षीला आहेत. म्हणजे धोका ठाऊक असून गप्प बसले. नोकरी जाणार हे नक्की होतं, वर रामफेरच्या डोळ्याबद्दल पोलीस केस होणार अशी कुजबुज होती. बाकीच्या बावीस अधिकाऱ्यांपैकी कुणालाच आठवत नव्हतं की त्या आदेशानंतर सबनीस कधी बोलले. त्यांनाही दोष देत नाही. एसीच्या घोंगाटात त्यांना ऐकू आलं नव्हतं, आणि ज्या दोघा-तिघांना आलं होतं त्यांचं प्रमोशन जवळ होतं.

चौकशी करायला आल्या माथुर मॅडम. दुसऱ्या खात्यातल्या वरिष्ठ अधिकारी, निवृत्तीला टेकलेल्या, स्वतःचा थर्मास घेऊन फिरणाऱ्या, कारण दुसऱ्याच्या चहावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी श्रीवास्तवजींकडून कॅसेटी मागवल्या. सरकारात काही टाकत नाहीत, सगळ्या कॅसेटी कपाटात नांदत होत्या. मॅडमनी घरी बसून त्या सगळ्या ऐकल्या. नोकरीत इतका अत्याचार कुणी सोसला नसेल. मग मला दुकानात फोन.

"पांडेजी, मशीन आपने लगाई है?"

"जी मॅडम."

"एक बात बताइए. त्रिवेदीजी हर टेप में एक बार चार-पाँच मिनट चुप हो जाते हैं. मैं उनको बीस साल से जानती हूँ. वह आदमी सोते हुए भी चार मिनट चुप नहीं रहता. उन चार मिनटों में कौन बोल रहा है?"

बावीस वर्षं आवाजाच्या धंद्यात काढली, कुठल्या इंजिनिअरने हे डोकं चालवलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "परसों सुनवाई है. जो मशीन लानी हो, ले आइए. सबके सामने सुनेंगे."

आता माझी पंचाईत बघा. पायडलवर पाय होता तेव्हा बाकीचे माइक बंद, पण साहेबांचा माइक सताड उघडा. उघडा माइक म्हणजे उघडा कान. तो निवड करत नाही. समोरच्याचं घेतो, शेजारच्याचं घेतो, तिसऱ्या खुर्चीवरच्या सबनीसांचंही थोडं घेतो, एसीच्या घोंगाटाखाली दाबलेलं. खालचा घोंगाट कापला, माणसाच्या बोलण्याची पट्टी उचलली, तर सबनीस वर येणार. ते मला करता येत होतं, आणि लखनऊमध्ये मला एकट्यालाच करता येत होतं. ही मात्र थाप नाही. पण सबनीस वर आले की पुढचा प्रश्न येणार, त्यांचा माइक बंद कुणी केला. आणि गालिच्याखाली माझी वायर होती.

म्हणून मी काय केलं ते ऐका. आदल्या दिवशी दुपारी 'मशीन चेक करनी है' म्हणून हॉलमध्ये गेलो, टेबलाखाली शिरलो, पायडल काढलं, वायर ओढून गुंडाळली आणि भाजीच्या पिशवीत घातली. वर दुधी भोपळा ठेवला. दरवानाने पिशवी बघितली आणि म्हणाला, लौकी अच्छी है.

सुनावणीला सगळे हजर. मॅडम अध्यक्षांच्या जागी, त्रिवेदीसाहेब पहिल्यांदाच बाजूच्या खुर्चीवर, पाय कुठे ठेवावेत ते न कळून हलवत बसलेले. सबनीस समोर, इस्त्रीचा शर्ट, पुढ्यात पाण्याचा ग्लास. मी कपाटापाशी, इक्वलायझरच्या दहा दांड्या माझ्यासमोर. हा म्हणजे आवाज चाळायचा डबा समजा, जाड एकीकडे, बारीक एकीकडे.

कॅसेट लावली. आधी आठ स्पीकरांतून साहेबांचं पान चघळणं. वाळक्या पाचोळ्यातून म्हैस चालल्यासारखं. मी ते खाली घेतलं. मग एसी. तो कापला. आणि मग जणू विहिरीच्या तळातून, पण शब्दन् शब्द वेगळा:

"सर, तीन नंबर चेंबर. वाल्व के पास पाइप से पपड़ी निकल रही है. अंदर आदमी काम करते हैं. मैं लिखकर दे चुका हूँ, आपने कहा चर्चा करें, इसलिए कर रहा हूँ."

सबनीस स्वतःचाच आवाज ऐकत होते आणि त्यांचे ओठ त्याबरोबर किंचित हलत होते, पाठ केलेल्या स्तोत्रासारखे. मला वाटलं काम झालं, आता थांबवावं. पण इक्वलायझर न्यायी असतो. त्याने सबनीसांना वर आणलं तसं त्यांच्याहून जवळ बसलेल्यालाही आणलं. साहेबांचा स्वतःचा, हळू, शेजारच्या पीएच्या कानात घातलेला आवाज आठ तोंडांनी म्हणाला:

"बोलने दो. बत्ती जल रही है न इसकी? खुश है. आज समोसे में मटर नहीं डाली."

चहाचा ट्रे घेऊन उभा असलेला शिपाई आधी हसला. मग त्याने ट्रे खाली ठेवला, कारण कप वाजायला लागले होते.

"बंद कीजिए इसे," त्रिवेदीसाहेब उठले. "यह निजी बातचीत है. पांडेजी, बंद कीजिए."

मॅडमनी थर्मासचं झाकण लावलं. "पांडेजी, थोड़ा और बढ़ाइए."

तीन कॅसेटी ऐकल्या. तीन महिने, तीच लाइन, तोच वाल्व, तोच सबनीसांचा न चढणारा आवाज. साहेबांचे शेरे मात्र दर महिन्याला नवे. एका कॅसेटवर त्यांनी मंत्र्यांच्या बुद्धीचं वजन छटाकात सांगितलं होतं, तिथे मी मशीन जरा अडखळल्यासारखं करून तो तुकडा दोनदा वाजवला. हौस.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "बत्ती जल रही थी और आवाज नहीं जा रही थी. ऐसा कैसे होता है?"

हा तो क्षण. पायडल घरी माळ्यावर होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "मैडम, पुरानी वायरिंग में कभी-कभी हो जाता है. सीलन से."

मॅडमनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि लिहून घेतलं. तांत्रिक दोष. सबनीस पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते.

सबनीसांवरचे आरोप गेले. महिन्याभरात ते कामावर रुजू झाले, आणि चिनहटचे सगळे पाइप बदलले गेले, अर्ध्या पानाच्या एका आदेशाने. ज्यासाठी तीन टिपण्या, तितक्याच मीटिंगा आणि रामफेरचा डोळा लागला. पण माइक आपणहून बंद पडले होते असं माझ्या तोंडून रेकॉर्डवर आल्यामुळे त्रिवेदीसाहेबांनाही कुणी काही करू शकलं नाही. मशीन ओलसर झाली, त्यात साहेबांचा काय दोष? समोशांबद्दल नियमात काही नव्हतं. मंत्र्यांबद्दलचं वाक्य मंत्र्यांपर्यंत गेलं नाही, कारण ते कोण नेणार? साहेबांची बदली झाली, ती याहून मोठ्या महामंडळावर. तिथला हॉल याच्या दुप्पट. हजर झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाजात साखर.

"पांडेजी, यहाँ भी वैसा ही लगवाना है. वही पैर वाला. आप तो समझदार आदमी हैं."

आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ नावं ठेवली, पण त्या 'समझदार'इतकं झोंबणारं एकही नव्हतं. मी सांगितलं की शिलाई मशीनची पायडलं बाजारात येत नाहीत. ते म्हणाले, ढूँढ़िए. मी अजून शोधतोय.

त्या रविवारी सकाळी स्कूटर काढून मी तेलीबागेत गेलो. सबनीसांच्या मुलीने दार उघडलं आणि आत ओरडून सांगितलं, "पापा, देशपांडे अंकल आए हैं." सबनीस पंचा नेसून वर्तमानपत्र वाचत बसले होते. वहिनींनी पोहे आणले, वर शेव, बाजूला लिंबाची फोड. मी पोह्यांना हात लावला नाही. घरातून निघताना भाषण पाठ करून निघालो होतो, ते म्हणायला सुरुवात केली. पायडल, अमीनाबाद, अर्थिंगची थाप, बत्तीची वायर, तीन फुकटचे माइक, गोमतीची ओल, भोपळा, सुनावणीतलं खोटं, सगळं. रामफेरच्या डोळ्यापाशी पाठ केलेलं भाषण संपलं. शेवटी म्हणालो, "सबनीस, तुमचा माइक मी बंद केला होता. तुम्हाला आज सांगतोय."

सबनीसांनी वर्तमानपत्राची घडी घातली. लिंबाची फोड माझ्या पोह्यांवर पिळली आणि बशी माझ्याकडे सरकवली.

"माहीत होतं," ते म्हणाले. "तुम्ही ती अर्थिंगची वायर गालिच्याखालून नेत होतात ना, तेव्हा मीच पाय वर घेतले होते."